शहादेवमामांचं पोतं

आमच्या शहादेवमामांच्या जीपमध्ये बसायचं म्हणजे आधी पाय कुठे ठेवायचे ते विचारावं लागायचं. वडवणीच्या वरच्या डोंगरात, जिथे डांबर संपतं आणि नुसते दगड उरतात, तिथल्या वस्त्यांवर ते माणसं पोचवतात. पण माणसांआधी जीपमध्ये चढायचं ते त्यांचं पोतं. त्यात फॅनबेल्ट, रेडिएटरचे पाइप, क्लचची तार, पाने, आणि डिझेलची टाकी गळाली तर लावायला साबणाची वडी. शिवाय जॅक, आणि स्टेपन्या दोन. "मामा, आता एक इंजिनपण जादा ठेवा," असं मी म्हणायचे. ते हसायचे नाहीत.

का हसायचे नाहीत ते मला ठाऊक होतं. मागच्या खेपेला त्यांच्या मुलीला, मनिषाला, सासरच्या वस्तीवरून बाळंतपणासाठी खाली आणताना घाटात बेल्ट तुटला. जवळ दुसरा नव्हता. दुसरी गाडी मिळेपर्यंत उशीर झाला आणि बाळ गेलं. मनिषा बापाला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून मामा पोतं भरायचे, सोडायचे, पुन्हा भरायचे.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि दसरा झाला की माहेरी आणायचं ठरलं होतं. खंडेनवमीला सकाळी मंजुळामामीने पोतं रिकामं केलं, सगळी हत्यारं धुऊनपुसून देवापुढे मांडली आणि हळद-कुंकू वाहिलं. आमच्याकडे पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कोणी उचलत नाही. उदबत्ती विझली नव्हती तोच जावयाचा, शिवशंकरचा, फोन आला. मनिषाला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. दवाखान्याची गाडी डांबरापर्यंतच येते, आणि वस्तीचा रस्ता परतीच्या पावसाने धुऊन नेला होता.

मामा किल्ली घेऊन उठले आणि देवापुढे थबकले. उचलावं तर अपशकुन, न उचलावं तर घाट.

"मामा, निघा तसंच," मी म्हटलं.

"तसंच न्हाई," ते म्हणाले. "एकदा गेलतो तसंच."

मामी म्हणजे वर्षभर उपास करणारी बाई. तिनेच पुढे होऊन पाने उचलले आणि पोत्यात टाकले. "देवाला काय सांगायचं ते मी सांगते. तुमी भरा," ती म्हणाली. पण मामांचं समाधान होईना. बेल्ट बाहेर काढून बोटांनी चाचपले, साबण राहिला म्हणून परत आत गेले. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी मीच चिडून पोत्याचं तोंड बांधलं आणि जीपमध्ये चढून बसले.

चढावर मामा सारखे थांबायचे. "कसला आवाज आला गं, बबिता?" साधा खडा उडाला तरी उतरून चाकाखाली वाकायचे. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. पोरगी वर तडफडतेय आणि हा माणूस नटबोल्ट आवळत बसलाय.

वस्तीवर पोचलो तर मनिषाला बसवतही नव्हतं. शिवशंकरने तिला उचलून आणलं आणि जीपचं मागचं दार उघडलं. आत पोतं, जॅक, स्टेपन्या. माणूस आडवं करायला जागा नव्हती, आणि वर कापडी हूड, त्यावर काही ठेवायची सोय नव्हती.

"आबा, लई दुखतंय," मनिषा म्हणाली.

मामांनी पोतं ओढून बांधावर टाकलं. मग जॅक. मग एक स्टेपनी, मग दुसरी.

"पाने तरी राहू द्या," मी म्हटलं. तोपर्यंत मलाही त्या पोत्याचा आधार वाटायला लागला होता.

"अंथरूण टाक," ते म्हणाले.

मी आणि शिवशंकर मनिषाला दोन्हीकडून धरून बसलो. उतारावर जीप अशी आदळत होती की माझे दात वाजत होते. मला वाटायचं, आता मामा थांबतील, आता उतरून बघतील. ते थांबले नाहीत, डांबर लागल्यावर दवाखान्याच्या गाडीसाठीही नाहीत. मनिषाचं कण्हणं बंद पडलं की मान न वळवता म्हणायचे, "मने, बोल गं." ती हुंकार देईपर्यंत मी तिचे हात चोळत राहायचे.

वडवणीच्या दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लागलं. मामा बाहेर उभे राहिले. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. समोर मुस्तकीमचं पंक्चरचं दुकान आहे, तो जीप बघून रस्ता ओलांडून आला.

"शहादेवभाऊ, हे काय करून आलात?"

मागच्या एका टायरच्या चिंध्या झाल्या होत्या आणि रिम वाकली होती. किती लांबून ते चाक तसंच घासत आलं होतं कोण जाणे. आम्ही मागे बसलेले, आम्हालाही कळलं नव्हतं.

"तुमाला तर मुंगी चालली तरी आवाज येतो," मुस्तकीम म्हणाला. "मंग हे कळलं न्हाई कावून?"

मामा चाकाजवळ वाकले. तेवढ्यात आतून सिस्टर आली. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, म्हणाली. मामा तिथेच पायरीवर बसले आणि पोरासारखे रडले. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं.

"न्हाई कळलं, मुस्तकीम," ते म्हणाले. "कळलं असतं तर थांबलो असतो."