बद्द वाजणारं चाक

चौसाळ्याच्या हायवेवर मैनुद्दीन मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याच्या छताचा पत्रा एका जागी फाटलेला आहे. तो फ्लायव्हीलनं फाडला. गाडी चपळ व्हावी म्हणून कुणीतरी कातून कातून पातळ केलेलं ते इंजिनामागचं बिडाचं चाक, इंजिन तापून किंचाळत असताना, फुटलं. एक तुकडा छतातून गेला. दुसरा गाडीच्या तळातून वर आला आणि आत बसलेल्या त्याच्या धाकट्या भावाचा, कलीमचा, पाय घोट्यापासून तुटला. बुटासकट तो क्लचवरच राहिला.

तेव्हापासून मैनुद्दीन कुठलंही फ्लायव्हील आधी तारेला टांगतो, हातोडीनं हलकेच ठोकतो आणि ऐकतो. बायका माठ घेताना वाजवून घेतात, तसं. निकोप लोखंड शाळेच्या घंटेसारखं वाजत राहतं. तडा गेलेलं बद्द वाजतं.

त्या दुपारी विजयसिंह असंच एक कातलेलं चाक घेऊन आला. बाप गावोगाव दबदबा असलेला पुढारी, पोराला गाड्यांच्या शर्यतीचं वेड. सोबत प्रविण आणि तानाजी, त्याची माणसं. उद्या नव्या बायपासवर शर्यत होती आणि गाडी तानाजी चालवणार होता.

मैनुद्दीननं चाक टांगलं.

"वाजवतो कावून बे? वरात काढायची का?" तानाजी हसला.

टक्. आवाज जागीच मेला.

"हे न्हाई बसवायचो. तडा हाय."

"मला तर दिसत न्हाई," विजयसिंह म्हणाला.

"माह्या भावाचा पाय बी आता दिसत न्हाई."

"मिस्त्री, हलकी पुली तूच बसवलीस ना? इंजिन कसं भिरभिरायला लागलं. मग ह्यालाच काय झालं?"

"पुली तुटली तर गाडी थांबती, दादा. हे तुटलं तर माणूस थांबतो. स्टीलचं आणा, लगेच बसवतो."

विजयसिंहानं नुसती मान हलवली. प्रविणनं मैनुद्दीनची मानगूट धरली आणि उजवा हात बाकावरच्या, लोखंड आवळून धरायच्या शिकंज्यात घातला. दांडा तानाजीनं फिरवला. कुबडी टेकत धावलेल्या कलीमला एक लाथ बसली, तो ऑइलच्या डबक्यात पडला. शिकंजा आवळत गेला. नखांखालून रक्त आलं, मग बोटातलं काहीतरी ओल्या काटकीसारखं मोडलं.

"बसवतो," मैनुद्दीन म्हणाला.

त्यांनी सोडलं. डाव्या हातानं चाक छातीशी धरून तो ऐरणीपाशी गेला. साफ करत असेल, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं तानाजीकडे पाहिलं. हात आवळताना ह्याचा चेहरा कसा होता, हे त्याला आठवत होतं. हा मेला तर बरंच, असंही मनात येऊन गेलं. मग क्लचवरचा तो बूट आठवला.

त्यानं घण उचलला, मोडक्या बोटांसकट दोन्ही हातांनी, आणि चाकावर घातला.

चाकाचे तीन तुकडे झाले. ताज्या मोडीची कडा राखाडी, चमकती होती. पण बोल्टच्या भोकापासून निघालेली एक रेघ काळी होती, तेल प्यायलेली, जुनी. तानाजी वाकला. त्या रेघेवरून त्यानं अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला.

"तानाजी, हात मोड त्याचा," विजयसिंह म्हणाला.

तानाजी उभाच राहिला. त्यानं मारलं नाही, पण अडवलंही नाही. शेवटी तोच घण प्रविणनं घेतला. मैनुद्दीनचं उजवं मनगट ऐरणीवर ठेवून त्यानं ते दोनदा ठेचलं. दुसऱ्या घावाला मैनुद्दीन ओरडलाही नाही, शुद्धच हरपली होती.

तो हात आता पाना धरत नाही. काम कलीम करतो, बसून. ऐकायचं काम मात्र अजून मैनुद्दीनचं आहे, हातोडी डाव्या हातात.

विजयसिंहाची गाडी पुन्हा गॅरेजला आली नाही. तानाजी आला, पावसाळ्यानंतर. नवं चाक पोत्यात गुंडाळून तो गॅरेजबाहेर उभा राहिला. आत यायचं धाडस त्याला होईना.

"वाजवून द्या, मिस्त्री," तो बाहेरूनच म्हणाला.

मैनुद्दीननं मान वर केली नाही. कलीमनं केली.

"आत ये बे," तो म्हणाला, "पाय हायत तुला."