शेळीच्या रंगापर्यंत ऐकणारे मुरलीधर सर

मुरलीधर सरांची आणि माझी पहिली भेट लकडगंजात, त्यांच्या वर्गात झाली. खाली आरा मशीन, वर वर्ग. चिरलेल्या सागवानाचा वास जिन्यातून वर येत होता आणि खिडकीच्या उन्हात भुसा असा तरंगत होता की मी कशाला आले तेच क्षणभर विसरले. आले होते नातीसाठी. आमची समीक्षा सरांकडे ट्रेनर व्हायला शिकत होती. व्यायाम द्यायच्या आधी माणसाचा दम, ताकद, तोल कसा तपासायचा, त्याच्या सरावाला तिला एक म्हातारं माणूस हवं होतं. घरात मीच होते.

मला वाटलं, आता वजनं उचलायला लावतील. पदर खोचून तयारच होते. सरांनी स्वतः पाठीची खुर्ची आणली.

"आजी, आधी बसा. तुम्ही वर आल्या, पण तुमची नाडी अजून जिन्यातच आहे. येऊ द्या तिले."

मी बसले. डोळे मिटले तर खालच्या आऱ्याचा आवाज लांबच्या पाण्यासारखा वाटायला लागला. नाडी येईपर्यंत सगळा वर्ग थांबला. माझ्यासाठी एवढी माणसं कधी थांबली नव्हती, लग्नातसुद्धा नाही. तेव्हा तर पंगत आधीच बसली होती, पण ते राहू द्या.

मग नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, गोळ्या कोणत्या ते विचारलं. शेवटी सर म्हणाले, "आजी, तुम्हाले काय करता यायले पाहिजे?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, माझं माहेर खाप्याचं. घाट उतरून कन्हान नदीच्या पाण्यात पाय सोडायचे, आणि कोणाचा हात न धरता वर यायचं. झोपेत रोज जाते मी तिथं. मुलगा म्हणतो, "आई, मोबाइलवर दाखवतो ना तुले नदी!"

सर हसले नाहीत. "तपासल्याशिवाय मी हो बी म्हणत नाही, अन् नाही बी म्हणत नाही."

सरांची शिस्त मोठी, पण माणसाची लाज राखणारी. माझ्यासारखीच सरावाला आलेली आमच्या शेजारची कुसुम वजनकाट्यावर चढायला तयार नव्हती. सरांनी काटा पडद्याआड ठेवला आणि आकडा फक्त तिलाच सांगितला. वर्गातल्या एका पोरीनं पडद्याबाहेरून विचारलं, "किती भरलं वं मावशी?" सर म्हणाले, "तुझं सांगू का आधी सगळ्यायले?" पोरगी अशी लांब पळाली!

मग समीक्षाची परीक्षा आली. मला हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत भरभर चालवायचं आणि चालता चालता बोलतं ठेवायचं. नीट बोलता आलं तर ठीक, वाक्य तुटायला लागलं की थांबवायचं. मला बोलायला काय लागतं! मी खाप्याचं सांगत चालले. हातमागाची खटखट, नदीची वाळू, माझी मावशी, तिची शेळी. चालता चालता फरशीच मला ओली वाटायला लागली.

"समीक्षा, थांबव आजीले," सर एकदम म्हणाले.

"पण सर, बोलून तर राहिली आजी!"

"काय बोलून राहिल्या ते ऐक. पहिल्या फेरीत मावशी होती, मावशीची शेळी होती, शेळीचा रंगही होता. आता नुसतं मावशी आली, मावशी गेली. शेळी कुठं गेली?"

मला खुर्चीत बसवलं तेव्हा कळलं, छाती धडधडत होती. मलाच माहीत नव्हतं. बोलायची सवय एवढी, की दम लागला तरी तोंड थांबत नाही. समीक्षा रडायला लागली. सर तिला रागावले नाहीत, पण पासही केलं नाही. "परत घेऊ परीक्षा. आधी आजीले डॉक्टरांकडं ने."

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि काही दिवसांनी हळूहळू चालायला हरकत नाही म्हणाले. मग सरांनी काय करावं? एका रविवारी स्वतः खाप्याला जाऊन घाटाच्या पायऱ्यांची उंची मापून आणली आणि खालच्या कारखान्यातून तशाच उंच-सखल लाकडी पायऱ्या करून घेतल्या. मी त्यांच्यावर चढायचे, उतरायचे. सागवानाच्या वासात मला माहेरचा घाट दिसायचा. परत परीक्षा झाली तेव्हा समीक्षानं मला दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा माझी शेळी हरवली तेव्हाच. पास झाली पोरगी.

आणि हिवाळ्यात आम्ही खाप्याला गेलो. सर वरच्या पायरीवर बसले, मुलगा खाली हात पुढं करून उभा. "हात मागं घे गा," मी म्हटलं. पाणी गार होतं आणि माझे पाय त्यात लहान मुलीचे दिसत होते. किती वेळ उभी होते कोण जाणे. वर येताना अर्ध्यात मीच थांबले, दम घेतला, मग निघाले. वर पोचल्यावर सरांनी एवढंच विचारलं, "आजी, शेळी कोणत्या रंगाची होती?"

सर आता साठ वर्षांचे झाले. त्यांनी माझ्याहून म्हातारं व्हावं आणि त्यांचे गुडघे त्यांच्या आधी थकू नयेत. कधी जिन्यात दम लागलाच, तर शेवटपर्यंत ऐकणारं कोणीतरी त्यांच्या सोबत चालत असावं.

शेळी पांढरी होती सर. एक कान तेवढा काळा.