कुंकू लागलेला कॅमेरा

माझी बायको सुमन गेली तेव्हा मी पांडेसऱ्याला मिलच्या फाटकाशी चहा पीत होतो. काम सुटलं तरी ती सवय सुटली नव्हती. शेजारचा पोरगा सायकलवर आला, "काका, घरी चला," एवढंच म्हणाला. मला कळलं. तरी मी कप पुरा संपवला, मग निघालो. माणूस असं का करतो, कोण जाणे...

ती एका गुजराती घरी स्वयंपाक करायची. तिथल्या बांनी, म्हणजे घरच्या म्हाताऱ्या मालकिणीनं, घर आवरताना तिला एक जुना कॅमेरा दिला. घरातल्या माणसांचा सिनेमा काढायचा, चावी भरून चालणारा, वर कातडं मढवलेला. "फिल्म आता मिळत नाही, शोभेला ठेव," म्हणाल्या. शोभेला ठेवील ती सुमन कसली. दसऱ्याला आम्ही कामाची हत्यारं पुजतो. माझे पाने, तिची विळी, आणि त्यांच्या रांगेत हा कॅमेरा. दरसाल त्याच जागी कुंकवाचं बोट. पूजा झाली की आम्हा सगळ्यांना दाराशी उभं करायची, चावी भरायची आणि कुर्र करून चालवायची. मी म्हणायचो, "येडे, आत फिल्म नाही." तर म्हणायची, "फिल्म नही ते काय व्हयनं? सगळा एक जागे उभा ऱ्हायनात ना, बस."

तेराव्यानंतर मुलानं जुन्या वस्तूंच्या एका शौकिनाला आणलं. मोबाइलवर जुन्या वस्तूंचे व्हिडिओ दाखवणारे आल्यापासून अशा कॅमेऱ्यांना भाव आला म्हणे. त्यानं चावी भरली, कान लावला. "काका, आ तो चाले छे. पडून पडून सगळे जाम होतात. कोण चालवत होतं?" मग त्याला कातड्यावरचा लाल डाग दिसला आणि तोंड उतरलं. "यानं किंमत निम्मी झाली. हा काढून द्या, मग तुम्ही म्हणाल ते."

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय अवघड आहे?" खरंच होतं. जन्मभर मिलमध्ये कापडावर रंग चढवले, बिघडलेले उतरवलेही. आमच्या भेस्तानच्या घराचे पत्रे गळतात, ते त्या पैशांत बदलले असते. स्पिरिटचा बोळा घेऊन बसलो. डाग बघितला... बोटाएवढाच होता. बोळा फेकून दिला. म्हटलं, विकायचा नाही. मुलगा तणतणत बाहेर गेला. त्याचंही चूक नाही, पाणी त्याच्याच अंथरुणावर पडतं.

यंदा आमच्याकडं सण नाही, म्हणून दसऱ्याला नवं कुंकू लावलं नाही. पण चालवला नाही तर जाम होईल, म्हणून कॅमेरा काढला. मुलाला, सुनेला म्हटलं, उभे राहा. मुलगा कुरकुरला, पण राहिला. कॅमेऱ्याच्या भोकातून मी पहिल्यांदाच बघितलं. दोघांच्या मधे त्यांनी माझी जागा मोकळी सोडली होती, सवयीनं. सुमनला दरसाल तिथं मी दिसत असेन.

चावी संपेपर्यंत कोणी हललं नाही.