रक्तात नसताना

शालन गेल्याचं मला पौडच्या एसटी स्टँडवर कळलं. तिच्या कॉलेजातला शिपाई बसमधून उतरता उतरता म्हणाला, "आपल्या बाई गेल्या हो. कावीळ झालती." मी हातातली भाजीची पिशवी घेऊन तशीच आमच्या दोघींच्या गावी, भऱ्याला गेले.

त्याला आता महिना होत आला. दुःख हळूहळू निवतं म्हणतात, निवेलही. पण माझा राग निवत नाही, आणि तो मरणावरचा नाही. तो शोकसभेवरचा आहे. तिच्या कॉलेजच्या संस्थेचे एक पदाधिकारी माइकसमोर उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "रक्तात विद्या नसताना बाई एवढं शिकल्या, हे केवढं कौतुक!" शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर वाजल्याच असत्या. ज्या एका वाक्याशी शालन जन्मभर भांडली, तेच त्यांनी तिच्या फोटोला हार म्हणून घातलं.

आम्ही भऱ्याच्या शाळेत एका बाकावरच्या. ती बौद्ध वस्तीतली, मी वरच्या आळीतली. सत्तरच्या दशकात दोघी पुण्याला शिकायला गेलो. मी बी.ए. होऊन पिरंगुटला संसाराला लागले, ती एम.एस्सी. करून जीवाणूंच्या मागे लागली. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण हॉस्टेलच्या पायरीवर बसून ती सांगे, "सुमे, तुझ्या डोळ्याच्या पेशीत अन् टाचंच्या पेशीत जनुकं सारखीच हायेत. डोळ्यात टाचंची मिटलेली, टाचंत डोळ्याची मिटलेली. असणं येगळं अन् उघडणं येगळं."

आपल्या आतड्यातल्या जीवाणूकडे दुधातली साखर फोडण्याचं जनुक जन्मापासून असतं म्हणे. पण दूध नसेल तेव्हा एक प्रथिन त्यावर राखणदारासारखं बसून राहतं. दुधाची साखर आली की ते उठतं आणि काम सुरू होतं. शेजारी ग्लुकोज असेल तर हे पठ्ठे आधी तेच संपवतात, मग जरा थांबतात, आणि मग दुधाच्या साखरेकडे वळतात. ते थांबणं शालन मोजायची. चंबूतलं पाणी जीवाणूंनी किती गढुळलं हे पाहत तासन् तास बसायची. मी एकदा विचारलं, यात एवढं काय आहे? तर एकदम उसळून म्हणाली, "ज्याच्यापुढं कधी दूधच ठेवलं न्हाई, त्याच्यात ते न्हाईच, असं कसं म्हनायचं?"

तिला डॉक्टरेट हवी होती. दुसरी कसलीही हाव त्या मुलीला नव्हती... साडीचीसुद्धा नाही. तिच्या मार्गदर्शक सरांनी तिची सगळी मोजमापं उचलून दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात घातली. ती विचारायला गेली तेव्हा सर अगदी मायेनं म्हणाले, "तुला राखीव जागेवर नोकरी मिळेलच. आणि संशोधन, बाळ, घरातूनच यावं लागतं." जनुकं शिकवण्यात हयात गेलेला माणूस हे बोलला! शालन मला हे हसत सांगत होती. "सरांचाच राखणदार उठंना बघ," म्हणाली, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ती पदवी तिला कधीच मिळाली नाही.

मग ती तालुक्याच्या कॉलेजात शिकवू लागली. माण, उरवडे अशा आसपासच्या गावांतली मुलं तिच्या वर्गात असत आणि दर वर्षी तिचा पहिला धडा हाच असे: असणं वेगळं अन् उघडणं वेगळं. एका पालकानं तक्रार केली, की बाई पोरांना सांगतात, सगळ्यांचं रक्त सारखं. संस्थेनं बोलावून घेतलं. "अभ्यासक्रमापुरतं बोला," अशी समज देणारे तेच पदाधिकारी होते, जे शोकसभेत गहिवरले. ती म्हणाली, "साहेब, ह्यो अभ्यासक्रमच हाय." त्यानंतर तिची बढती कायमची अडकली. मरेपर्यंत ती साधी अध्यापिकाच होती.

शोकसभा संपल्यावर मी तिच्या आईकडे गेले. भागामावशी चुलीशी दूध कोमट करत होत्या. "तिच्या हातचं विरजण हाय," म्हणाल्या. "रोज लावतीया. मोडू दिलं न्हाई." मी म्हटलं, "मावशी, मला द्या ना थोडं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "तुमच्यात चालंल का गं?"

मी वाटी पुढे केली.

घरी सासूबाईंनी विचारलं, विरजण कुणाचं? मी सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी शेजारून दुसरं विरजण मागून आणलं. तेव्हापासून आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी दोन पातेली लागतात. एकातलं मी आणि मुलं खातो, दुसऱ्यातलं त्या. कुणी विचारलं तर सासूबाई सांगतात, सुमनचं दही मला सोसत नाही. त्यांनी ते अजून चाखलेलं नाही.