मावशीची स्वच्छ प्रत

माझी मावशी पोलीस ठाण्यात टायपिस्ट होती. आरोपींच्या कबुलीजबाबाचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकायचं, शब्दन् शब्द टाइप करायचा आणि ‘ऐकल्याबरहुकूम’ म्हणून खाली सही ठोकायची, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. कान असे तिखट की मी स्वयंपाकघरात हळूच डबा उघडला तरी बाहेरून हाक यायची, "झाकण नीट लाव गं!" काका म्हणायचे, "हिच्यासमोर मनातसुद्धा बोलायची चोरी."

तिला आपल्या स्वच्छ प्रतीचा भारी अभिमान. खोकला, हुंदका, पाणी मागणं, असलं काही तिच्या प्रतीत नसायचं. जबाब घेणारे साहेब ‘बस’ म्हणाले की जबाब संपला. त्यापुढे मशीन चालू राहिलं तरी तो सगळा कचरा, हे साहेबांनीच शिकवलेलं. आमच्या बाईसाहेबांनी ते इमानेइतबारे पाळलं. मला त्या साहेबांचा अजून राग येतो, आणि खरं सांगायचं तर थोडा मावशीचाही.

एकदा एका गवंड्याचा जबाब आला. मुकादमाला आपणच मारलं, असं त्यानं घडाघडा सांगितलं. साहेब ‘बस’ म्हणाले. मग त्यानं हळूच विचारलं, "आता बरोबर बोललो का, साहेब?" मावशीनं ते ऐकलं, कचरा म्हणून सोडलं आणि सही केली. त्या कागदावर त्याला जन्मठेप झाली.

वर्षभरानं त्याच साहेबांसमोर दुसराच माणूस, दुसराच गुन्हा, आणि शेवटी तोच प्रश्न. आता मावशीच्या लक्षात आलं. मशीन सुरू करण्याआधी साहेब जबाब पाठ करून घेत होते! या वेळी तिनं ते वाक्य टाइप केलं, आणि तो माणूस सुटला. गवंड्याचं रेकॉर्डिंग मात्र केव्हाच पुसलं गेलं होतं. प्रत मंजूर झाली की मशीनमधलं तेच कार्ड पुसून पुन्हा वापरायचं, अशी तिथली पद्धत.

नोकरीवर पाणी सोडून ती गवंड्याच्या अपिलात साक्षीला उभी राहिली. न्यायाधीशांनी तिची प्रत पुढे केली.

"तुम्ही म्हणता ते वाक्य यात आहे?"

"नाही."

"आणि खाली ही सही कोणाची?"

"माझीच."

अपील फेटाळलं गेलं.

बाहेर बाकावर गवंड्याची बायको बसली होती. मावशीला वाटलं, ही आता मला शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं मावशीला शेजारी बसवून घेतलं.

"ताई, तुम्ही त्यांचा आवाज ऐकलात ना? सांगताना रडत होते का हो?"

मावशीनं डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. तिला आठवेना. रडणं टाइप करायचं नसे, म्हणून ते ऐकणंच तिनं कधीतरी सोडून दिलं होतं.