अननसाच्या सालींची बरणी

तानूबाई कांबळे रंकाळ्याजवळच्या एका ज्यूस सेंटरवर फळं सोलायची. अननसाच्या साली रोज बुट्टीभर निघत आणि संध्याकाळी म्हशींपुढे जात. एवढा वास असलेली वस्तू टाकायची, हे तिला पटत नसे. १९९८च्या पावसाळ्याअखेर दुकानाचे मालक गणपतराव तिला म्हणाले, "व्हिनेगर करा की. गूळपाण्यात घालून ठेवायच्या. बरणीला झाकण न्हाई, नुसतं फडकं. वारं लागलं तरच आंबट होतंय."

गूळ घरात होताच. तिचा नवरा यल्लाप्पा गुळाच्या सौद्यावर हमाल होता. फुटक्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, चुरा घरी आणायचा. त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला विहारात पाचवं शील म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्या दिवसापासून तो दारूला शिवला नव्हता. तरी रोज संध्याकाळी तानूबाई त्याच्या चपलांचा आवाज ऐकायची. सरळ येतोय, की घासत.

तिसऱ्या दिवशी बरणीत बुडबुडे आले. आठव्या दिवशी तिनं फडकं सोडलं आणि तिचा हात थांबला. हा वास सतरा वर्षं तिच्या उशाशी झोपला होता.

शेजारची चिमणाबाई दारातूनच ओरडली, "व्हय गं तानू, नवऱ्यानं सोडली आन् तू घरात गाळाय लागलीस?"

"सालींचं पाणी हाय ते."

"आमच्या ह्यांचं बी पाणीच असतंय की!"

ओतून द्यायला तिचं मन होईना. तिनं झाकण घट्ट लावलं, वरून प्लास्टिक बांधलं आणि बरणी पत्र्याच्या पेटीमागं सरकवली.

दुसऱ्या दिवशी तिनं सोललेल्या अननसावरचे काळे डोळे काढायचेच राहिले. गणपतरावांनी विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मधी दारू होतीयाच. पर बंद केलीसा, तर तिथंच ऱ्हाईल की ती."

ती घरी आली, तर यल्लाप्पाच्या चपला दारात होत्या. सौदा लवकर उरकला होता. बरणी उंबऱ्याबाहेर पायरीवर होती. प्लास्टिक निघालेलं, तोंडाला फडकं. शेजारी तो बसला होता. तिनं आधी बरणीतलं पाणी पाहिलं. तेवढंच होतं.

"वास आलता," तो म्हणाला. "पेटीमागं मी बी लपवायचो की. लई वेळ बसलो हुतो तिथं."

"ओतून टाकू?"

"नगं. हितंच असू दे. येता-जाता दिसंल सगळ्यांस्नी."

मग रोज कामाला जाण्याआधी तोच काठीनं ढवळायचा, तोंड दुसरीकडे करून. साली गाळून काढल्या. वर पातळ साय धरली. महिनाभर पायरीवरून जाणारा प्रत्येकजण काहीतरी बोलून गेला.

एका सकाळी तानूबाईनं बोट बुडवून जिभेला लावलं. आंबटपणानं तिचे डोळे मिटले. तिनं चमचा भरून पुढे केला.

"तुमी बघा."

त्यानं बराच वेळ हुंगलं. मग घेतलं, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"चिमणावैनी," सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी त्यानं हाक दिली, "वाटी घिऊन या!"