चपला बाहेर

तुमच्या बागेत बूट घालून शिरलेल्या माणसाला तुम्ही कधी चहा पाजला आहे का? आम्ही पाजला. आलं घालून.

बाग आत्याची. पानवेलींची. वसईच्या वाड्यांमधून अशा बागा आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. तिच्या फाटकाशी दोन नियम होते. चपला बाहेर काढायच्या, आणि पाळीच्या दिवसांत बाईने आत पाऊल टाकायचं नाही.

माझे बाबा आयुष्यभर पत्रकं काढत आले. मी मुळाक्षरं गिरवली तीसुद्धा उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. कॉलेजात गेल्यावर मी माझं पहिलं पत्रक काढलं, 'वेलीला विटाळ कसला?' त्यात दोन्ही नियम एकाच दमात झोडपले आणि ते गावभर वाटलं. पाळीच्या नियमावर आत्या काहीच बोलली नाही. तो तिलाही कधी पटला नसावा. एवढंच म्हणाली, "बाय, चपलांचं तेवढं राहू दे ना."

"देव काय तुझ्या चपला मोजत बसलाय?" मी म्हटलं.

ती हसली. नियम सुटला.

पुढे पाऊस सरता सरता कोपऱ्यातल्या दोन वेलींनी माना टाकल्या आणि हा विक्रेता दारात आला. वालीवच्या एका गाळ्यात तो झाडांच्या औषधाच्या बाटल्या भरतो. पायात गमबूट, घोट्यापर्यंत ओला चिखल. आत्या जुन्या सवयीने फाटकात आडवी उभी राहिली. त्याने खिशातून माझंच पत्रक काढलं.

"काकू, तुमच्या घरची पोरगी एवढं लिहिते, आणि तुम्ही अजून चपलांत अडकलात?"

आत्या बाजूला झाली.

"सकाळपासून ही चौथी बाग," तो वेलींमधून फिरत म्हणाला. "मागच्या बागेत तर मर रोग जोरात आहे. तिथेही हेच दिलं. संजीवक आहे, संजीवक! मुळाशी ओता आणि बघा."

मेलेल्याला उठवतं ते संजीवक, एवढंच आत्याला ठाऊक. तिने ओतलं. वेली सरसरून वाढल्या, पानं तळहाताहून रुंद झाली. मग रांगेमागून रांग कोमेजून बसली. एक वेल हलकेच ओढली तर मुळाची काळी साल माझ्या बोटांना चिकटून आली. आत्याने फोन केला. तो म्हणाला, "डोस कमी पडला, काकू. डबल करा."

तिने डबल केला.

त्याच सुमारास बीएस्सीच्या वर्गात बाई वनस्पतींची संजीवकं शिकवत होत्या. "संजीवक म्हणजे टॉनिक नव्हे," त्या म्हणाल्या. "तो झाडाच्या आतला निरोप असतो. एक निरोप सांगतो, वाढ. दुसरा सांगतो, शत्रू आलाय, दार लाव." मुळाला बुरशीसारखा शत्रू शिवला की झाडात सॅलिसिलिक आम्ल वाढतं, पेशी आपल्या भिंती जाड करतात, विषारी रसायनं तयार करतात. पण बाहेरून वाढीच्याच निरोपाचा मारा झाला, तर पहाऱ्याचा निरोप दबू शकतो. झाड उंच होतं आणि मूळ उघडं पडतं.

मी वही मिटली. मर मातीतून येते. चिखलातून, पाण्यातून. आणि बुटांतून. चपलांचा तो नियम कोणा शहाण्या पूर्वजाने घातलेला पहारा होता. एक नियम अपमान होता, दुसरा अनुभव होता. मी दोन्ही एकाच टोपलीत टाकून जाळले.

कुजलेल्या मुळांची जुडी घेऊन मी वालीवला त्याच्या गाळ्यात गेले. ती त्याच्या टेबलावर आपटली.

"बाटलीत काय आहे ते लिहून दे."

"ताई, तुम्ही बीएस्सीवाल्या ना? तुम्हाला कळायला हवं होतं." त्याने जुडी पेनाने बाजूला सारली. "आणि बूट घालून आत या, हे मी लिहिलं होतं का?"

घाव वर्मी बसला. तेवढ्यावर तो सुटला असं त्याला वाटलं असेल, तर त्याने आमच्या घरची पत्रकं नीट वाचलेली नाहीत. मी माझी चूक माझ्या नावाने छापेन, सर्वांत वर, ठळक. तिच्याखाली त्याची छापेन, आणि त्याला ती गावागावात, फाटकाफाटकावर वाचावी लागेल. मला त्याची माफी नको. एकाही बागेचं फाटक त्याला उघडू नये, एवढंच हवं आहे.

आत्याकडे आता शेवटची रांग उभी आहे. तिच्या कडेने तिने चर खणलाय आणि ती रोज अनवाणी जाऊन एकेक बुंधा चाचपते. माझ्याशी ती अजून चपलांबद्दल बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुमच्या घरी त्याची बाटली असेल तर फेकू नका, लेबल फाडू नका. बुचासकट आत्याच्या फाटकाशी आणून ठेवा. आत काय आहे ते तपासून घेऊ आणि छापू. आणि बाग बघायला आत याल, तेव्हा चपला बाहेर काढा.